तुम्ही कशावर वाचता, आणि वाचलेलं कुठे राहतं?

गेल्या आठवड्यात मला एका प्रवासवर्णनातलं वाक्य हवं होतं. नदी ओलांडतानाचं. शब्द एकही धड आठवत नव्हता, पण जागा पक्की आठवत होती: डावं पान, अगदी तळाशी, आणि त्याच पानावर वर एक छोटा नकाशा. पुस्तक काढलं, फक्त डावी पानं बघत गेले आणि पाच मिनिटांत वाक्य सापडलं.

त्याच संध्याकाळी दुसरं एक वाक्य शोधायला बसले. ते महिन्यापूर्वी फोनवर वाचलेल्या लेखातलं होतं. लेखाचा आशय आठवत होता, वाचताना झालेला आनंदही आठवत होता, पण ते वाक्य सुरुवातीला होतं की शेवटी, हे काही केल्या आठवेना. सगळा लेख म्हणजे एक लांबच लांब पट्टी. शोधायची सोय होती, पण त्यासाठी नेमका शब्द हवा, आणि तोच तर हरवलेला. दोन तास गेले, वाक्य सापडलं नाही.

तेव्हापासून हे मनात घोळतंय. कागद श्रेष्ठ की स्क्रीन, असा निकाल लावायला मी बोलावत नाहीये. मी स्वतः दोन्हीवर भरपूर वाचते. तुम्ही काय वाचता, कशावर, कोणत्या वेळी, आणि वाचून झाल्यावर ते तुमच्याजवळ कशाच्या आधाराने टिकतं, हे ऐकायचं आहे. हात राखून लिहू नका.

* * *

माझं वाचन आयुष्यभर कागदावरचं. चाळिशी लागली तेव्हा चष्म्यावर भागलं. साठी उलटल्यावर बोटांचे सांधे धरायला लागले आणि सहाशे पानांचं पुस्तक छातीवर उभं धरणं अशक्य झालं. अंगठा मध्ये घालून पान उघडं ठेवायचं, तर दहा मिनिटांत हात भरून यायचा. मुलीने ई-रीडर आणून दिला तेव्हा मी तो दोन महिने कपाटात ठेवला होता, हे आधी कबूल करतो. मला ती हार वाटली होती.

आज त्याच्यावाचून माझं पान हलत नाही. वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास, आणि अक्षर मला हवं तेवढं मोठं. फोनसारखा झगमगाटही नाही. त्याच्या पडद्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कुप्या असतात आणि त्यांत काळे-पांढरे कण. विजेच्या भाराने ते कण वर-खाली होतात आणि अक्षर उमटतं. एकदा उमटलेलं पान तसंच ठेवायला वीज लागत नाही, म्हणून एकदा चार्ज केला की कित्येक दिवस बघावं लागत नाही. भर उन्हात तर तो जास्तच स्वच्छ दिसतो.

पण एक गोष्ट सांगायलाच हवी. मध्यंतरी नातीने विचारलं, "आजोबा, काय वाचताय?" मी तिला गोष्ट रंगवून सांगितली. "नाव काय पुस्तकाचं?" आणि मला नाव आठवेना. लेखिकेचंही नाही. तीनशे पानं वाचून झाली होती! विचार केल्यावर कारण कळलं. यंत्र उघडलं की थेट काल सोडलेलं पान समोर येतं. कागदाचं पुस्तक टेबलावर पडलेलं असतं, उशाशी असतं, उचलताना-ठेवताना त्याचं मुखपृष्ठ दिवसातून दहादा नजरेखालून जातं. न ठरवता नाव पाठ होतं. आता मी वाचायला बसलो की आधी मुखपृष्ठावर जातो, पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव मोठ्याने उच्चारतो आणि मग पुढे वाचतो. पूर्वी जे आपोआप व्हायचं ते आता हाताने करावं लागतं, एवढाच फरक. त्याबद्दल माझी तक्रार नाही. वाचन सुटलं नाही, हे फार मोठं आहे.

* * *

मी मुद्रितं तपासते. वीस वर्षं झाली. पहिली दोन वाचनं स्क्रीनवर होतात, पण शेवटचं कागदावरच, यात तडजोड नाही.

आपले डोळे ओळीवरून सरळ सरकत नाहीत, उड्या मारत जातात. एका जागी साधारण पाव सेकंद टेकतात आणि पुढची उडी घेतात. मधलं बरंचसं मन ओळखीवरून भरून काढतं. वाचकाला हे वरदान आहे, माझ्या कामात मात्र घात करतं. आणि देवनागरीत फरक केवढे बारीक! 'ध'ची शिरोरेषा वर तुटलेली असते, 'घ'ची सलग. 'भ' आणि 'म' यांचंही तेच. 'भान हरपलं'च्या जागी 'मान हरपलं' पडलं तर शब्द तपासणारी प्रणाली गप्प बसते, कारण 'मान' हाही खराच शब्द आहे. त्यासाठी माझ्याकडे पुठ्ठ्याची एक पट्टी आहे, मधोमध एका ओळीएवढी खिडकी कापलेली. ती पानावरून एकेक ओळ खाली सरकवत जायचं. वरची ओळ झाकलेली, खालची झाकलेली, समोर तेवढी एकच ओळ. मग चुकीला लपायला जागा उरत नाही. स्क्रीनवरही असं करून पाहिलं, पण तिथे मजकूरच सरकतो आणि हात स्थिर राहतो. माझं लक्ष हाताबरोबर चालतं.

आवडीचं वाचन मात्र मी मुद्दाम फोनवर करते. कागद समोर आला की हात पेन्सिलीकडे जातो आणि कथा राहते बाजूला. फोनवर मी नुसती वाचक असते.

* * *

संशोधन करतो, त्यामुळे दिवसाला तीन-चार शोधनिबंध डोळ्यांखालून घालावे लागतात. पीडीएफ हा प्रकार १९९३ साली आला तोच मुळी छापील पान कुठल्याही यंत्रावर जसंच्या तसं दिसावं म्हणून. फोनवर तोच गुण अवगुण होतो. दोन स्तंभांचं पान आधी मोठं करा, डावा स्तंभ खाली ओढा, परत वर जा, उजवीकडे सरका. एवढ्यात वाक्याचा धागा तुटलेला असतो. ई-पब या ई-पुस्तकांच्या फाइल-प्रकारात मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे वाहतो, म्हणून मिळेल तिथे मी तोच घेतो.

जुन्या मराठी मजकुराची तर वेगळीच व्यथा. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या यंत्रांवर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधीच्या फॉन्टमध्ये केलेली फाइल डोळ्यांना निर्दोष दिसते, पण 'पाऊस' हा शब्द शोधा, एकही सापडत नाही. उतारा उचलून दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरं आणि चिन्हांची रास. समोर ढळढळीत दिसणारा शब्द यंत्राच्या लेखी अस्तित्वातच नसतो, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

माझी रीत अशी: शोधायचं ते स्क्रीनवर, समजून घ्यायचं ते छापून. २०१८ साली ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला होता. माहितीपर मजकूर कागदावर अधिक चांगला समजतो, आणि वाचायला वेळ मोजून दिलेला असेल तर हा फरक वाढतो, असं त्यात दिसलं. कथात्मक मजकुरात मात्र तसा फरक आढळला नाही. माझा अनुभव याच्याशी तंतोतंत जुळतो. कादंबऱ्या मी कशावरही वाचतो आणि त्या लक्षात राहतात. सिद्धता मात्र कागदाशिवाय डोक्यात शिरत नाही. वाचून झालं की निबंध पालथा घालायचा आणि न बघता तीन ओळी लिहायच्या. तीन ओळी जमल्या नाहीत, तर मी तो वाचलेला नाही.

* * *

बाळ चार महिन्यांचं आहे. एक हात कायम अडकलेला, खोलीत अंधार. दुसऱ्या हातात फोन, काळ्या पार्श्वभूमीवर करडी अक्षरं, उजेड सगळ्यांत कमी. अशा तुकड्यातुकड्यांत दोन कादंबऱ्या हातावेगळ्या केल्या. काय टिकलं, ते सांगता येणार नाही. पण त्या दोन कादंबऱ्या नसत्या तर त्या रात्री मला फार जड गेल्या असत्या.

* * *

मी जन्मापासून अंध आहे, त्यामुळे कागद की स्क्रीन हा प्रश्न माझ्याकडे वेगळ्या रूपात येतो. छापील पुस्तक माझ्यासाठी बंद पेटी आहे. स्क्रीन म्हणजे आवाज. स्क्रीनरीडर मजकूर वाचून दाखवतो आणि मी तो सवयीने इतक्या वेगात ऐकतो की शेजारच्याला नुसती गुणगुण वाटते.

लोक हटकून म्हणतात, "म्हणजे तू पुस्तक ऐकलंस." मी म्हणतो, वाचलं. मी थांबतो, मागे जातो, एखादा शब्द अक्षर-अक्षर करून तपासतो, कंटाळवाणं प्रकरण ओलांडतो. हे सगळं वाचणाराच करतो.

वर पीडीएफची अडचण वाचली. तिच्यापुढची पायरी सांगतो. पुस्तक नुसतं स्कॅन करून ठेवलं असेल तर ते चित्र असतं, मजकूर नाही. तुम्हाला पान दिसतं. माझा स्क्रीनरीडर गप्प राहतो, फार तर 'पान रिकामं' म्हणतो. चारशे पानी पुस्तक आणि पानोपानी 'रिकामं'. २०१३ साली मराकेश करार झाला तो याच दुखण्यावर: आमच्यासाठी पुस्तक सुलभ स्वरूपात आणताना कॉपीराइटची आडकाठी होऊ नये. करार २०१६ पासून लागू आहे. तरी ते एकेक पुस्तक कुणीतरी बसून तयार करावं लागतंच. तुमच्यापैकी कुणी मजकूर टंकत असेल, स्कॅन करून अक्षरओळख चालवत असेल, तर त्या कामाचं मोल माझ्याकडून ऐका.

कविता मात्र मी ब्रेलमध्येच वाचतो. आवाज ओळी जोडून टाकतो. कवीने ओळ कुठे तोडली हे कानाला कळत नाही, बोटाला कळतं. ओळ संपते, बोट रिकाम्या कागदावर येतं आणि क्षणभर तिथेच राहतं. सुरुवातीला डाव्या पानाच्या तळाशी असलेल्या वाक्याबद्दल लिहिलं आहे. मलाही कवितेतल्या ओळी तशाच आठवतात, पानावर बोट कुठे होतं त्यावरून.

* * *

ही शेवटची ओळ वाचून मी बराच वेळ थांबले. पानावरची जागा ही डोळ्यांची गोष्ट आहे असं मी धरून चालले होते. ते हाताचंही असेल, हे मनातही आलं नव्हतं. मनापासून आभार.

फोनवरचं ते वाक्य अजून सापडलेलं नाही. पालथं घालून तीन ओळी लिहायची रीत कालपासून सुरू केली आहे. पहिल्या लेखाला दीडच ओळ जमली. एकच पुस्तक दोघांनी मिळून वाचायची सवय कुणाला आहे का, तेही लिहा.

* * *

आहे ना! मी आणि माझी बहीण एकाच घरात राहतो आणि एकच प्रत एकाच वेळी वाचतो. ती सकाळी, मी रात्री. पुस्तकात दोन खुणा असतात, तिची निळी पट्टी, माझी पिवळी. पुस्तक मिटलेलं असलं तरी वरून दोन्ही टोकं दिसतात आणि मध्ये किती जाडी आहे तेही. ती पुढे गेली की मला चैन पडत नाही. मी पुढे गेले की ती माझा चेहरा वाचायला बघते. कुणी कुणाला काही सांगायचं नाही, हा नियम. पेन्सिलीने समासात उभी रेघ तेवढी मारायची. पिवळी खूण सरकवत मी तिच्या रेघेपाशी पोचते तेव्हा कळतं, इथे ती थांबली होती. कधी मीही तिथेच थांबले असते. कधी कितीही वाचलं तरी कळत नाही की तिला इथे काय दिसलं, आणि मग सकाळी तिला उठवून विचारावं लागतं.

फोनवर हे करून पाहिलं. दोघींनी एकच पुस्तक उतरवून घेतलं, पण ती कुठवर आली हे मला विचारावं लागायचं आणि विचारलं की त्यातली गंमत जायची. आठवड्याभरात सोडून दिलं.

सध्या निळी पट्टी पान २१२वर आहे, पिवळी १४०वर. १८७वर तिने एकाच परिच्छेदाला दोन रेघा मारल्यात, हे पुस्तक उचलताना चुकून दिसलं. वाचलं नाही, लगेच मिटलं. आज रात्री तिथवर पोचायचं आहे.