उन्हाळी बाळंतपणातले कपडे

बाळंतपणाची तारीख एप्रिलअखेरची आहे, फीडिंग गाऊन कसले आणि किती घेऊ, असं विचारलंयस म्हणून लिहिते. माझी लेक मे महिन्यात नागपूरला झाली, बाहेर 45 अंश. विकतचे होजिअरीचे गाऊन अंगाला चिकटायचे. शेवटी आईच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साड्यांचे शिवून घेतले, आणि तेच रात्रंदिवस वापरले. मधे एकच चेन असली की ती बाळाच्या गालाला टोचते, म्हणून दोन्ही बाजूंना उभ्या चेन आणि वरून कापडाची पट्टी लावून घे. घाम, पाझरणारं दूध, बाळाची शू, यामुळे दिवसाला तीन-चार सहज बदलावे लागतात. सहा-सात तरी हवेतच. गडद, बारीक छापाचे घे, डाग दिसत नाहीत.

सिझर झालं तर परकराची किंवा पायजम्याची नाडी टाक्यांवर येऊ देऊ नकोस. ब्रा सुती, बिनतारेची आणि सैलसरच घे. घट्ट असली की दूध साठून गाठी होतात, फार दुखतं गं. ब्राच्या आतले, दूध टिपणारे पॅड ओले झाले की लगेच बदल.

आणि घरातल्यांनी कितीही आग्रह केला तरी त्या उकाड्यात स्वेटर-मोजे घालू नकोस, बाळालाही नको.