मदत हवी आहे : सोलापुरात कडक भाकरी-आमटी बसून खायला कुठे मिळेल?

वाटसरू७१
कालपासून सोलापुरात आहोत. दोनदा हॉटेलात जेवलो, दोन्हीकडे पनीर आणि तंदूर रोटी. इथलं काही विचारलं की शेवभाजी सांगतात. मला कडक भाकरी, शेंगा चटणी आणि आमटी हवी आहे, तीही ताटात. पाकिटं सगळीकडे दिसतात, ती नकोत. वडिलांसाठी हवं आहे. लवकर सांगा, उद्या निघतोय.

भुईमूग
उद्या किती वाजता? उतरलात कुठं? शाकाहारी का मटण चालतं?

काळं_तिखट
काळ्या तिखटातलं सुकं मटण खाल्ल्याशिवाय सोलापूर सोडू नका. त्याच्यासोबत कडक भाकरी मिळतेच.

वाटसरू७१
श्रावण आहे हो. शाकाहारीच. स्टेशनजवळ उतरलोय, सकाळी पुण्याची हुतात्मा एक्सप्रेस.

भुईमूग
हुतात्मा साडेसहाला सुटते. म्हणजे तुमच्याकडं फक्त आजची रात्र आहे, हे आधी सांगायचं ना! मोठी हॉटेलं सोडा. नवी पेठ, बाळीवेस भागात लिंगायत खाणावळ विचारा. आठच्या आत जावा, भाकरी संपते.

रानमेवा
मंगळवेढ्याकडं जाऊन हुरडा खा. तिथल्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय.

भुईमूग
श्रावणात हुरडा? ज्वारीची पेरणीसुद्धा अजून व्हायचीय. हुरडा संक्रांतीच्या आगेमागे.

घरचा_आहेर
चटणी घेताना उखळात कुटलेलीच घ्या. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ कुटत गेलं की तेल सुटतं आणि चटणीचा गोळा होतो. चिमटीत दाबून बघा, बोटाला तेल लागलं पाहिजे. मिक्सरची भुगा होऊन सुटी पडते.

सीमेवरचा
मिक्सर थांबवत थांबवत फिरवला तरी तेल सुटतं. माझी आई तशीच करते. आणि ही चटणी एकट्या सोलापूरची नाही, विजापूरकडं तिलाच शेंगा हिंडी म्हणतात.

घरचा_आहेर
तेल सुटत असेल, चव येत नाही. मी दोन्ही करून बघितल्यात.

बार्शीकर_मी
आमटी खायची तर बाजार आमटी खा. चार-पाच डाळींची, झणझणीत. पण ती आमच्या बार्शी-करमाळ्याकडची, आठवडी बाजारातली. शहरात तशी होत नाही.

चादरवाला_पाहुणा
चादर घेताना वजन आणि वीण बघून घ्या.

वाटसरू७१
चादर नको आहे. एक राहिलं, वडील ७८ वर्षांचे आहेत, कवळी आहे. कडक भाकरी जमेल का?

भुईमूग
अहो, हे पहिल्यांदा लिहायचं! कडक भाकरी चावत बसायची नसतेच. चुरून ताटात घ्या, वर गरम आमटी ओता, पाचेक मिनिटं झाकून ठेवा. शेंगांची, म्हणजे शेंगदाण्यांची, आमटी मिळाली तर तीच मागा, डाळीच्या आमटीपेक्षा दाट असते. आणि गोडात खपली गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर, आहे का विचारा. आमच्याकडं लग्नात, जत्रेत करतात, वर दूध-तूप घालून. रोज मिळेलच असं नाही.

काळं_तिखट
श्रावण संपल्यावर परत या, सुक्या मटणासाठी.

वाटसरू७१
जेवून आलो. बाळीवेशीजवळची छोटी खाणावळ, पाच टेबलं. कवळीचं सांगितल्यावर मावशींनी भाकरी स्वतःच चुरली आणि आमटी घालून वर ताटली झाकली. आजोबा इथल्या जुन्या कापड गिरणीत कामाला होते. वडील दहा वर्षांचे असताना घर इथून हललं. ताटली उचलून वाफ आली तसे ते म्हणाले, आई असंच झाकायची. आमटी दोनदा मागून घेतली. मीठ सांभाळायला सांगितलंय डॉक्टरांनी, पण आज मी काही बोललो नाही.

चटणी अर्धा किलो बांधून घेतली, कुटलेली, बोटाला तेल लागलं. भुईमूग, मनापासून आभार.

हुग्गी मात्र नव्हती. पुण्यात कुणी ऑर्डरनं करून देतं का? वडिलांना ती जेवणापासून आठवतेय.