अनुभव धागा: मोठी पिकअप सोडून मध्यम एसयूव्ही घेताना (कोकणापुरतं)

गडगा (धागाकर्ता)

आंब्याचा हंगाम संपला की दरवर्षी हाच प्रश्न येतो. डबल कॅब पिकअप विकून मध्यम आकाराची एसयूव्ही घेतली, तर घर, बाग आणि बाजार यांचं गणित बसेल का? ज्यांनी हा बदल केला आहे किंवा गॅरेजात, बागेत, आरटीओच्या कामात तो रोज बघितला आहे, त्यांनी इथे लिहावं. गाडीवर किती जीव होता ते नको. मापं, वजनं, काय अडतं आणि त्यावर उपाय काय, एवढंच लिहा.

सुरुवात मापापासून करतो, कारण पहिला गैरसमज तिथेच आहे. लांबी कमी होते, रुंदी कमी होईलच असं नाही. पिकअपमध्ये व्ही-क्रॉस सुमारे 5.3 मीटर लांब आणि 1860 मिमी रुंद आहे. हायलक्स 5325 लांब, 1855 रुंद. एसयूव्हीत क्रेटा 4330 बाय 1790, हायरायडर 4365 बाय 1795. इथपर्यंत सगळं छान. पण स्कॉर्पिओ-एन 1917 रुंद आहे आणि हॅरियर 1922, म्हणजे दोन्ही पिकअपपेक्षा रुंद. दोन गडग्यांमधल्या (दगडी कुंपणांमधल्या) पाणंदीत जी पिकअप आरसे मिटून जात होती, तिच्या जागी आलेली 'लहान' गाडी तिथेच अडकते.

हे सगळे आकडे आरसे सोडून असतात. म्हणून शोरूममध्ये आरशाच्या टोकापासून टोकापर्यंत टेप लावायची, तेवढ्या लांबीची बांबूची काठी तोडायची आणि ती आडवी धरून वाडीच्या रस्त्याने घरापर्यंत चालत यायचं. काठी जिथे गडग्याला किंवा विजेच्या खांबाला टेकते तिथे खडूने खूण करायची. दोनपेक्षा जास्त खुणा झाल्या, तर ते मॉडेल यादीतून काढून टाकायचं.

खाडीपल्याड

काठीची युक्ती झकास. त्यात एक भर घालतो, वळणाची. व्ही-क्रॉसची वळणत्रिज्या 6.3 मीटर आहे, ग्रँड विटारा-हायरायडरची 5.4. पूर्ण गोल फिरायला एकीला 12.6 मीटर लागतात, दुसरीला 10.8. ज्यांचं खळं 11 ते 12 मीटर रुंद आहे त्यांना हा फरक रोज जाणवेल. पिकअप तीनदा मागेपुढे करावी लागते, ही एका दमात फिरते.

आता फेरीबोट. दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडला, जयगड-तवसाळ, दिघी-आगरदांडा, कुठेही जा, ओहोटीला उतार जास्त असतो. पिकअपचं मागचं टोक लांब, त्यामुळे तिला चढताना मागून लागतं. एसयूव्हीचा पुढचा बंपर खाली आणि पुढे आलेला असतो, म्हणून तिला उतरताना पुढून लागतं. खालची काळी प्लास्टिकची पट्टी आणि तिला धरणाऱ्या क्लिपा सगळ्यात आधी जातात. जिथे फळी जमिनीला टेकते तिथे पूर्ण थांबायचं, ब्रेकवरून पाय हळूहळू काढायचा, जागा असेल तर किंचित तिरकं उतरायचं. डिकी भरलेली असेल तर मागचा भाग बसतो, नाक वर येतं आणि पुढून लागायचं प्रमाण कमी होतं. पण मग मागचा टोचनचा आकडा (गाडी ओढायचा हुक) जमिनीला लागतो. सुटका नाही!

कलमवाला, देवगड

सगळ्यात मोठा प्रश्न हौद्याचा (पिकअपच्या मागच्या उघड्या जागेचा), म्हणून सविस्तर लिहितो.

डबल कॅबचा हौदा साधारण 5 फूट लांब, 5 फूट रुंद आणि दीड फूट खोल असतो. आंब्याचा प्लास्टिक क्रेट बाहेरून साधारण 54 बाय 36 बाय 29 सेंमी. हौद्यात एका थराला 8 ते 10 क्रेट बसतात, दोन थर सहज होतात. मध्यम एसयूव्हीत मागची सीट पाडली की सुमारे 160 सेंमी लांबी मिळते आणि चाकांच्या कमानींमध्ये जेमतेम 1 मीटर रुंदी. खालच्या थरात 6. वरच्या थरात मागच्या दाराच्या उतारामुळे 3 ते 4. म्हणजे एका खेपेला 9-10 क्रेट. क्रेटला 20 किलो धरले तरी 200 किलो झाले.

दारात मावतं म्हणून भरायचं, ही चूक इथेच होते. आरसी पुस्तकावर गाडीचं रिकामं वजन आणि भरलेलं एकूण वजन दोन्ही असतात. त्यांची वजाबाकी करा. जो आकडा येतो त्यात माणसंही आली. पाच माणसं 75 किलोंप्रमाणे म्हणजे 375 किलो, त्यानंतर बऱ्याच गाड्यांत पिशव्यांपुरतीच जागा उरते. दोन माणसं आणि 10 क्रेट हा प्रकार चालतो. चार माणसं आणि 10 क्रेट नाही.

पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) गाडी, म्हणजे पिकअप, जास्त भरली की खाली बसते, पण फारसं कुरकुरत नाही. कॉइल स्प्रिंगची गाडी, म्हणजे एसयूव्ही, भरली की मागचा भाग पार खाली जातो, खड्ड्यात बंपस्टॉपवर आपटते आणि रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातात. स्टिअरिंगच्या उजवीकडे 0 ते 3 आकड्यांचं लहान चाक असतं, ते हेडलाइट खाली करण्यासाठीच आहे. भरलेल्या गाडीसाठी टायरची हवा वेगळी असते. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर ती लिहिलेली असते, पंपावरच्या पोराला विचारू नका.

जड क्रेट खाली आणि पुढे, सीटच्या पाठीला टेकून. आंबा घाट उतरताना ब्रेक दाबला की सगळं पुढे येतं. क्रेट आणि पाठीत चार बोटांचं अंतर राहिलं तर तो क्रेट पाठीवर आदळतो आणि सीटचं कुलूप सैल होतं.

जे मावत नाही ते: 8 बाय 4 फुटांचा प्लायवूड, 10 फुटी पत्रे, 20 फुटी पीव्हीसी पाइप, 200 लिटरचं फवारणीचं पिंप (पाणी भरलं की तेच 200 किलो) आणि झेल्याचा (आंबे उतरवायच्या जाळीचा) लांब बांबू. पाइप 10 फुटांवर कापून सॉकेट लावायचा. फवारणीला 35 लिटरचे कॅन. झेल्याला दोन तुकड्यांत जुळणारी अ‍ॅल्युमिनियमची काठी घ्या. काचेतून बांबू बाहेर काढून नेऊ नका. गाडीबाहेर डोकावणाऱ्या मालाला मोटार वाहन कायद्याच्या कलम 194(1अ) खाली 20,000 रुपये दंड आहे.

रापण

मासळीवर कुणीच लिहिलं नाही? हौद्यात पाण्याचा पाइप मारला की विषय संपतो. बंद डिकीत तसं होत नाही. बर्फाचं खारट पाणी गालिच्याखालून थेट स्टेपनीच्या खळग्यात जातं. तिथे ते दिसत नाही, आणि पत्रा नेमका तिथूनच गंजायला लागतो. बऱ्याच गाड्यांत त्या खळग्याच्या तळाला रबरी बूच असतं. ते काढायचं, गोड्या पाण्याने धुवायचं, वाळवायचं आणि बूच परत लावायचं. विसरलात तर पुढच्या पावसात खालून पाणी वर येतं.

थर्माकोलचा खोका तसाच ठेवू नका, तो कोपऱ्यात फुटतोच. खाली कडा उंच असलेला प्लास्टिकचा ट्रे, त्यात खोका, वर ताडपत्री. सुकट आणि शेणखत बंद गाडीत अजिबात नको. वास कापडात आणि एसीच्या फिल्टरमध्ये बसतो. फिल्टर बदलता येतो, छताचं कापड नाही. ब्रश कटरचं पेट्रोल न्यायचं असेल तर झाकण घट्ट बसणारा धातूचा कॅन, काचा उघड्या, आणि घरी पोचल्याबरोबर बाहेर काढायचा. उन्हात गाडीत ठेवायचा नाही.

पऱ्या

पावसातल्या पकडीबद्दल एक उलटी गोष्ट. पिकअप म्हणजे चिखलातली राणी, असं समजतात. फोर-बाय-फोर टाकलं तर खरंच आहे. पण टू-व्हील ड्राइव्हवर रिकामी पिकअप मागच्या चाकांवर चालते आणि मागे वजनच नसतं. ओल्या डांबरावर, शेवाळलेल्या कातळावर ती आधी मागून घसरते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या एसयूव्हीत इंजिनाचं वजन चालणाऱ्या चाकांवरच असतं, त्यामुळे सपाट चिखलात आणि ओल्या घाटात ती जास्त सरळ जाते.

चढावर मात्र उलटं. चढावर वजन मागे सरकतं, पुढची चाकं हलकी होतात आणि तांबड्या मातीच्या चढणीवर ती नुसती फिरत राहतात. अशा वेळी गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढवली की बहुधा निघते. विनोद नाही, करून बघा. हवा 33 वरून 22-24 पर्यंत उतरवली तरी फरक पडतो, पण डांबरावर आल्यावर परत भरायची. गाडीत लहान कंप्रेसर ठेवा.

ज्यांची वाट खरंच वाईट आहे त्यांनी 'ऑल व्हील ड्राइव्ह' आणि लो रेंज (हळू पण जास्त ताकदीने चालायचा जादा गिअर) असलेलं फोर-बाय-फोर यांत गल्लत करू नये. ग्रँड विटाराच्या ऑलग्रिपमध्ये चारही चाकांना ताकद जाते, पण लो रेंज नाही. स्कॉर्पिओ-एनच्या फोर-बाय-फोर डिझेलमध्ये ती आहे, पण मग वर गडगा यांनी सांगितलेली रुंदी आली. वहाळातलं पाणी चाकाच्या निम्म्यापेक्षा वर असेल तर थांबा. हायलक्सला 700 मिमी पाणी चालतं, ही सवय नव्या गाडीत विसरायची. इंजिनात पाणी जाऊन ते बंद पडलं तर परत चावी मारू नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. 22 जुलै 2021 ला चिपळुणात पुराच्या पाण्यात किती गाड्या गेल्या ते सगळ्यांनी पाहिलं आहे. विम्यात 'इंजिन प्रोटेक्ट' जोडून घ्या, साध्या पॉलिसीत हे नुकसान सहसा येत नाही.

तिरफळ

आमच्याकडे एवढाच सांगतत: रिकामी पिकअप पावसात चलवची तर हौद्यात दोन गोणी रेती टाकूनच.

पाना-पक्कड

इंधन आणि गिअरबॉक्सवर लिहितो.

रोज घर ते बाजार 4-5 किलोमीटर एवढीच धाव असेल तर नवी बीएस-6 डिझेल घेऊ नका. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी जाळी) साफ व्हायला इंजिन गरम होऊन सलग 20-25 मिनिटं 60 च्या वर धावावं लागतं. वाडीच्या रस्त्याला हे घडतच नाही. काजळी साठते, दिवा लागतो, लोक दुर्लक्ष करतात, गाडी ताकद कमी करते. डिझेलच हवी असेल तर आठवड्यातून एकदा महामार्ग 66 वर चौथ्या गिअरमध्ये फिरवून आणायची आणि डीपीएफचा दिवा चालू असताना मध्येच बंद करायची नाही. काही डिझेल गाड्यांत अ‍ॅडब्लूची (धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाची) वेगळी टाकी असते. ती पूर्ण रिकामी झाली तर बंद केलेली गाडी परत सुरू होत नाही. 10 लिटरचा डबा घरात ठेवा, आणि चुकून डिझेलच्या टाकीत ओतू नका. तसं झालं तर चावी न लावता टोचन करून न्या.

पिकअपचा 360-500 न्यूटन मीटरचा टॉर्क सोडून दीड लिटरच्या साध्या पेट्रोलवर आलात तर भरल्या गाडीने कुंभार्ली चढताना दुसरा गिअर जास्त लागेल. त्यात गाडीचा दोष नाही, इंजिन 4000 च्या आसपास फिरवायची तयारी ठेवा.

ड्राय क्लचचा ड्युअल क्लच (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स असेल तर गणपतीच्या गर्दीत घाटात अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका. क्लच तापतो आणि इशारा येतो. ब्रेक दाबून थांबा, पुढे दोन गाड्यांची जागा झाली की एकदाच सरका.

स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीची मोटर दोन्हींवर चालणारी) गर्दीत उत्तम. पण मागे बॅटरी असल्याने डिकी लहान होते. ग्रँड विटाराच्या साध्या मॉडेलला 373 लिटर, हायब्रिडला 265. दोन क्रेटही सरळ उभे राहणं कठीण. उतारावर गिअरचा 'बी' मोड (ब्रेक न दाबता वेग रोखणारा) वापरा. लांब उतारात बॅटरी भरली की ती चार्जिंग घेणं थांबवते आणि मग इंजिनाचा आवाज वाढतो. बिघाड नाही, गाडी इंजिनाने वेग रोखते आहे.

कातळ

अमेरिकेत फुल-साइज पिकअप म्हणजे याहून मोठी गाडी. आपली हायलक्स तिकडे मध्यमच. असो, अवांतर. वाचनखूण साठवली आहे.

शिक्का-मोर्तब

विक्रीच्या कागदांत कोकणातली खास अडचण म्हणजे चेसिस नंबर. पिकअपचा नंबर बहुधा उजव्या बाजूच्या चेसिसच्या पट्टीवर, पुढच्या चाकाजवळ कोरलेला असतो. खाऱ्या हवेने तो गंजाखाली जातो. तपासणीच्या आदल्या दिवशी गंजरोधक तेल फवारायचं, तासाभराने मऊ ब्रशने साफ करायचं, पेन्सिलने कागदावर ठसा घेऊन बघायचा. ग्राइंडर किंवा पॉलिश पेपर लावू नका. आकडे पुसट झाले तर छेडछाडीचा संशय येतो आणि परत कोरून घ्यायला आरटीओची परवानगी लागते.

हौद्यातला प्लास्टिकचा लायनर विकण्याआधी काढाच. खाली पत्रा गंजला आहे का ते घेणारा बघणारच आहे, आपण आधी बघितलेलं बरं. मोठे टायर आणि लावलेले बार काढून मूळचं सामान बसवा. हार्डटॉप (हौद्यावरचं टणक छप्पर) वेगळा विकला तर सहसा जास्त येतात.

कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35, हस्तांतराला फॉर्म 29 आणि 30, दुसऱ्या राज्यात (गोव्यात बरेच जातात) गाडी जात असेल तर फॉर्म 28. ताबा देताना तारीख आणि वेळ लिहून सही घ्या. जुना फास्टॅग त्याच दिवशी बंद करा, तो नव्या गाडीला लावता येत नाही. नो क्लेम बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. विमा कंपनीकडून प्रमाणपत्र घेतलं तर तो नव्या गाडीच्या प्रीमियममध्ये मिळतो, 50 टक्क्यांपर्यंत, आणि प्रमाणपत्र 3 वर्षं चालतं.

गडगा (धागाकर्ता)

छत-रॅकबद्दल व्यक्तिगत निरोपात तिघांनी विचारलं. छताची मर्यादा पुस्तिकेत असते, बहुधा 50 ते 75 किलो, आणि रॅकचं वजन त्यातच धरलेलं असतं. नुसत्या दिसायला लावलेल्या रेलवर काहीही बांधू नका.

चिरे, शेणखत, पिंपं यांसाठी छोटा हत्ती खेपेने मिळतो. विकण्याआधी वहीत वर्षभराच्या अशा खेपा मोजा, ज्या क्रेट-गणितात खरंच बसत नाहीत. त्याला गावातला खेपेचा दर लावा आणि पिकअपचा विमा, चार मोठे टायर आणि डिझेलचा जादा खर्च शेजारी मांडा. खेपा बहुतेक एप्रिल-मेमध्येच एकवटतात, आणि तेव्हाच छोटा हत्ती मिळत नाही. म्हणून टेम्पोवाल्याला फेब्रुवारीतच सांगून ठेवा.

रापण

आणि त्यालाच सांगा, ताडपत्री त्याची. आपली परत येत नाही.