मदत हवी आहे: एसडीएस (सेफ्टी डेटा शीट, म्हणजे मालातल्या रसायनांच्या धोक्यांचं माहितीपत्रक) घरच्या सॉफ्टवेअरवर बनवावी की बाहेरून?

बुटीबोरीतल्या युनिटात पाण्यावर आधारित रंग बनतात, साधारण ४० फॉर्म्युले. देशातल्या ग्राहकांपुरतं एक्सेलवर भागतं. आता जर्मनीला माल जाणार, म्हणजे युरोपीय संघाच्या २०२०/८७८ नियमाप्रमाणे शीटमध्ये १६ विभाग, तेही जर्मनमध्ये.

खरी गोची धोक्यांच्या वर्गीकरणात आहे, म्हणजे कोणता इशारा लागू होतो ते ठरवण्यात. सीएमआयटी/एमआयटी प्रिझर्व्हेटिव्हची त्वचेच्या अ‍ॅलर्जीसाठीची मर्यादा ०.००१५ टक्के. सॉफ्टवेअरने सरसकट ०.१ टक्के धरली की एच३१७ (त्वचेच्या अ‍ॅलर्जीचा इशारा) गळतं, शीट मात्र दिसायला चकाचक! बाहेरचा जाणकार हे पकडेल. पण त्याला अख्खा फॉर्म्युला द्यायचा, आणि प्रिझर्व्हेटिव्ह बदललं की पुन्हा बिल.

अशा विशिष्ट मर्यादा वर्गणीतच अपडेट होतात असं सॉफ्टवेअर कोणी वापरतं का? जर्मन वाक्यं तयार मिळतात का? की शीट घरी बनवून फक्त तपासणी बाहेर द्यावी? गोपनीयता करारात नेमकं काय लिहून घेता?