विज्ञान दिनाला सोसायटीतल्या मुलांसाठी काय करता येईल?

२८ फेब्रुवारीला दुसरी ते पाचवीची मुलं जमवतोय, भाषण नकोय, घरातलंच काहीतरी करून दाखवायचंय. सुचवा ना.

उत्तर १: हळद घ्या! पांढऱ्या कागदाला हळदीचं पाणी लावून वाळवा, मग मुलांना साबणाच्या पाण्याने चित्र काढू द्या, लालभडक उमटतं, आणि वरून लिंबू पिळलं की परत पिवळं. आम्लं-अल्कली मुलांना तिथेच कळतं, हळदीचा डाग साबणाने लाल का होतो तेही. खरंच करा, मुलं हलत नाहीत तिथून.

उत्तर २: कुकर पण सांगा. आत दाब वाढतो म्हणून पाणी १०० ऐवजी साधारण १२० अंशाला उकळतं, म्हणून डाळ पटकन शिजते. फक्त गॅसपाशी मोठं माणूस हवं.

उत्तर ३: आणि शास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये याच तारखेला प्रकाश विखुरण्याबद्दलचा आपला शोध (रामन परिणाम) जाहीर केला हे सांगाच, दोन वर्षांत नोबेल!