मदत हवी आहे: बहिणीच्या उलट्या, नाशिकमध्ये मानसोपचारतज्ज्ञ

माझी धाकटी बहीण अकरावीत आहे. जेवण झालं की लगेच बाथरूममध्ये जाते, नळ मोठा सोडते. बोटांच्या पेरांवर घट्टे पडलेत, पाळीही थांबली आहे. घरात मात्र 'बारीक झाली, छान दिसते' असं कौतुक चालतं. मला ते ऐकवत नाही. फॅमिली डॉक्टरांनी ॲसिडिटीची गोळी दिली. सततच्या उलट्यांनी पोटॅशियम कमी होऊन हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून रक्ततपासणी आणि ईसीजी उद्याच करून घेतेय. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वरही बोलले, त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा म्हटलं. नाशिकमध्ये बुलिमियाचा (खाऊन मुद्दाम उलट्या काढण्याचा मानसिक आजार) अनुभव असलेलं कुणी माहीत आहे का? सोबत आहारतज्ज्ञ असतील तर फारच बरं. आणि आईला कसं पटवू? 'वेड्यांच्या डॉक्टरकडे कशाला' यावरच ती अडून बसलीय. वजनाचे, डाएटचे सल्ले कृपया नकोत.