चांदीचा दर वॉशिंग्टनला ठरतो, मग दिल्लीला शिव्या कशाला?

पैंजणवाला_हुपरी
रविवारी बाकड्यावर भांडण झालं, ते इथं मांडतोय. 2025 च्या सुरुवातीला किलोला नव्वद हजारांच्या आसपास असलेली चांदी डिसेंबरात दोन लाखांवर गेली. एक जण म्हणाला, सरकारनं कायतरी करायला पाहिजे. मी म्हटलं, सरकारच्या हातात आहे काय? युक्रेनवर हल्ला झाल्यावर 2022 मध्ये पाश्चात्त्य देशांनी रशियाची सुमारे 300 अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली. तेव्हापासून बाकीच्यांना डॉलरची धास्ती. मध्यवर्ती बँकांनी सलग तीन वर्षं दरवर्षी हजार टनांवर सोनं उचललं. सोनं चढलं की चांदी मागनं पळते. त्यात सोलरवाल्यांची मागणी, आणि अमेरिकेनं व्याजदर उतरवले.
आमच्या घरी काय झालं ते सांगतो. नऊ लाखांत दहा किलो माल फिरायचा, डिसेंबरात साडेचार. मजुरी मिळते किलोवर. चांदी दुप्पट, काम निम्मं.

शिरोळचा_ऊस
चांदीपुरतं खरं आहे तुमचं, साखरेला लावू नका. नोव्हेंबर 2023 ला जगात साखर 12 वर्षांच्या उच्चांकावर. ब्राझीलवाल्यांनी चांदी केली, आपली निर्यात बंद! डिसेंबरात उसाच्या रसाच्या इथेनॉललाही लगाम. पुढं लोकसभा होती, शहरवाल्याला साखर स्वस्त पाहिजे होती. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी 2019 ला 31 रुपये झाला, तो 2025 संपलं तरी तेवढाच. एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर, मात्र क्विंटलला 275 वरून 355. कारखाना मधला फरक कुठनं भरणार? यात वॉशिंग्टन कुठं आलं?

मार्केटयार्डचा_गूळ
भावा, उलटं बघायलाय. आपण दार लावलं, हे दर चढण्याचं एक कारण होतं. आपला माल बाहेर पडला असता तर तो दर तसाच राहिला असता काय? आणि ब्राझीलचे कारखाने क्रूडचा दर बघून ठरवतात, साखर काढायची की इथेनॉल. म्हणजे तेल आखातात पेटलं तरी झळ शिरोळला.

शिरोळचा_ऊस
झळ लागते हे मान्य. पण दार कुणी लावलं? सांगा की.

उद्यमनगर_फौंड्री
तुमचं चालूद्या. ऑगस्ट 2025 ला अमेरिकेनं भारताच्या मालावर 25 टक्के आयात शुल्क लावलं, मग रशियाचं तेल घेता म्हणून वर आणखी 25. तेल घेतलं रिफायनऱ्यांनी, थांबली आमची ऑर्डर.

राजारामपुरी_९वी_गल्ली
सगळ्यांना 50 नव्हते हो. वाहनांच्या सुट्या भागांना वेगळ्या कलमाखाली 25 च होते. आणि डिसेंबरात डॉलर 90 रुपयांच्या वर गेला, तुम्हा निर्यातवाल्यांना तर बरंच की.

उद्यमनगर_फौंड्री
आम्ही पंपाच्या बॉड्या ओततो, गाडीचं काही नाही. कलम कुठलंही असूदे, ज्याच्यामार्फत माल जातो त्यानं फोनवर एवढंच सांगितलं, "थोडं थांबा." ते थोडं अजून संपलं नाही. साचे करायचे पॅटर्न रॅकवर पडून आहेत, एकाच्या कोपऱ्यात कोळ्यानं जाळं केलंय. 90 रुपयांचा डॉलर घेऊन काय करू, बिलच फाडलं नाही तर?

राजारामपुरी_९वी_गल्ली
वाईट झालं, मान्य. पण एकाच देशाच्या गिऱ्हाइकावर बसायला कुणी सांगितलं होतं?

उद्यमनगर_फौंड्री
नोकरदार दिसताय.

शिरोळचा_ऊस
😄 पैंजणवाले, एका गोष्टीचं उत्तर द्या. जुलै 2024 च्या बजेटात सोन्या-चांदीचं आयात शुल्क 15 वरून 6 टक्क्यांवर आणलं. गुजरीत, आपल्या कोल्हापूरच्या सराफ बाजारात, त्या दिवशी काय झालं? लंडनला दर पडला होता का?

पैंजणवाला_हुपरी
दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. आदल्या शनिवारी चार किलो चांदी घेऊन ठेवली होती. बजेटचं भाषण चालू होतं, मी भट्टीपाशी होतो, पोरानं मोबाईल आणून दाखवला. वितळवायला घातलेली चांदी तशीच मुशीत राहिली. पंधरा दिवस बायकोला सांगितलं नव्हतं.
तरी दिल्लीनं काढलं ते नऊ टक्के. वरचे एक लाख दहा हजार कुणी चढवले, ते तुम्ही सांगा.